पूर्वचारित्र्य आणि न्याय

मोहल्ल्यात चोरी झाली, की पूर्वी तुरुंग भोगून आलेल्या माणसाकडेच आपले बोट का वळते? त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असणे आणि आजचे कृत्य सिद्ध होणे, या भिन्न गोष्टी आहेत.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ५४ नुसार आरोपीचे पूर्वीचे दुश्चारित्र्य सामान्यतः गैरलागू ठरत असे. त्याने स्वतःच्या सच्चारित्र्याचा पुरावा दिला, तर मात्र खंडनार्थ ते मांडता येत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलम ४९ मध्ये हाच नियम राखला.

सूरह निसाच्या आयती १०५ ते ११२ संबंधी भाष्यकार मदीनेतील चोरीची एक घटना सांगतात. चोराच्या आप्तांनी त्याची बाजू उचलून धरली आणि आळ एका निरपराध यहुद्यावर आला. दिव्य कुरआनने त्या यहुद्याला निर्दोष ठरविले. लौकिक चांगला असो वा वाईट, तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

पूर्वेतिहासाने संशय बळावतो, हे खरे. परंतु सूरह हुजुरात (४९:१२) अतिसंशयापासून दूर राहण्याची ताकीद देते. संशयावरच शिक्षा झाली, तर खरा अपराधी सुटेल आणि ज्याची तौबा अल्लाहने स्वीकारली असेल, त्याला आपण मात्र जन्मभर आरोपीच ठेवू. त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.