हिशेबाबाहेरची दहा वर्षं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचं गाव आहे. आजूबाजूला चुनखडीच्या खाणी, त्याच दगडात बांधलेलं मोठं सरकारी विद्यापीठ, आणि हिवाळाभर लहानथोरांच्या तोंडी एकच विषय, बास्केटबॉल. 1963 साली या विद्यापीठात जेरी येग्ली नावाचे एक विशीतले शिक्षक शारीरिक शिक्षण शिकवायला आले. सोबत आणखी एक काम त्यांच्याकडे आलं. मुलांचा सॉकरचा एक क्लब होता, तो सांभाळायचा. सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. तिकडे फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा.

येग्ली या खेळातले नवखे नव्हते. ते पेनसिल्व्हेनियाचे. अमेरिकेत सॉकर फारसा कुणाला ठाऊक नव्हता त्या काळातही पूर्वेकडच्या या राज्यात तो शाळाशाळांतून खेळला जात होता. वेस्ट चेस्टरच्या सरकारी कॉलेजात खेळाचे शिक्षक घडवले जात. तिथे शिकत असताना येग्ली कॉलेजच्या संघातून खेळले. कॉलेजांची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा 1959 साली सुरू झाली आणि पहिली दोन्ही वर्षं ती सेंट लुइस विद्यापीठाने जिंकली. 1961च्या अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरने त्याच सेंट लुइसला, त्यांच्याच गावात जाऊन, 2-0 असं हरवलं. पुढची दोन वर्षं पुन्हा सेंट लुइसच जिंकलं. म्हणजे त्या पाच वर्षांत सेंट लुइसला रोखणारा संघ एकच, आणि येग्ली त्या संघात होते.

असा माणूस ब्लूमिंग्टनला आला तेव्हा त्याच्या हाती विद्यापीठाचा संघ आला नाही, क्लब आला. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. अमेरिकन कॉलेजात अधिकृत संघाला व्हार्सिटी म्हणतात. त्याचा खर्च विद्यापीठाचा क्रीडा विभाग करतो. प्रवास, कपडे, मैदान, दवापाणी यांची सोय होते, खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते, आणि मुख्य म्हणजे कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था, एनसीएए, भरवते त्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येतं. क्लबला यातलं जवळजवळ काहीच नाही. मुलं हौसेने जमतात, पदरमोड करतात, मिळेल त्या गाड्यांत बसून सामन्याला जातात. तिथे रेघा मारायला वेगळा माणूस नसतो. जो शिकवतो तोच सकाळी उठून मैदानावर चुना टाकतो. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की क्लब वर्षभरात एकही सामना हरला नाही तरी राष्ट्रीय स्पर्धेचं दार त्याच्यासाठी बंदच राहतं.

येग्लींनी विद्यापीठाकडे मागणी केली, की आम्हाला अधिकृत संघाचा दर्जा द्या. दर्जा मिळाला नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. विद्यापीठात खेळांची उपेक्षा होती असंही नाही. जेम्स काउन्सिलमन यांच्या जलतरण संघाने 1968पासून ओळीने सहा वर्षं राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवणारा मार्क स्पिट्झ याच विद्यापीठाचा विद्यार्थी. 1971 साली बॉब नाइट बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले आणि गावात आधीच असलेल्या वेडाला आणखी धार चढली. शेजारच्या तलावात जगातला सर्वोत्तम जलतरणपटू पोहतोय, शेजारच्या हॉलमध्ये हजारो लोक टाळ्या पिटतायत, आणि आपण मात्र अजून हौशी मंडळ. हे रोज डोळ्यांसमोर पाहत दहा वर्षं काम करायचं होतं.

अशा वेळी बहुतेक माणसं काय करतात ते आपण सगळे जाणतो. दर्जा नाही ना, मग काम तरी कशाला एवढं मन लावून करायचं? सराव जरा सैल होतो, उशिरा येणाऱ्याला कुणी बोलत नाही, आणि ‘आधी मान्यता द्या, मग बघा आम्ही काय करून दाखवतो’ हे पालुपद सुरू होतं. ऑफिसात, शाळेत, संस्थांमध्ये ते सतत ऐकू येतं. या बोलण्यात वरवर न्याय दिसतो, म्हणूनच ते फसवं आहे. ज्या दिवशी मान्यता येते त्या दिवशी तिला साजेसं काम हाताशी नसतं, आणि ते एका दिवसात उभंही राहत नाही.

येग्लींनी क्लबला क्लब म्हणून वागवलंच नाही. जो संघ त्यांना चालवायचा होता तो त्यांनी पहिल्या वर्षापासून चालवला. कागदावर त्याचं नाव काही का असेना.

मला या दहा वर्षांतल्या मुलांचं फार वाटतं. समजा, 1964 साली एक मुलगा ब्लूमिंग्टनला शिकायला आला आणि 1968 साली पदवी घेऊन गेला. चार वर्षं तो या संघातून खेळला असेल. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं की आपल्याला राष्ट्रीय स्पर्धा खेळायला मिळणार नाही. शिष्यवृत्ती मिळणार नाही, अधिकृत खेळाडू म्हणून गौरव होणार नाही. तरीही शरद ऋतूतल्या थंड संध्याकाळी तो सरावाला आला. त्याने नंतर येणाऱ्यांसाठी एक रीत घालून दिली. पास कसा द्यायचा, चेंडू गेला की परत कसं धावायचं, हरल्यावर कसं वागायचं. त्याच्या मागून आलेल्याने ती पुढे नेली. असे किती तरी जण आले आणि गेले. त्यांची नावं आज गाजत नाहीत, पण पुढे जे घडलं त्यात त्यांचा हिस्सा पूर्ण होता, असं मला ठामपणे वाटतं.

1973 साली विद्यापीठाने सॉकरला व्हार्सिटीचा दर्जा दिला.

पुढे काय झालं ते पाहा. चौथ्याच हंगामात, 1976 साली, इंडियानाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. नव्याने दर्जा मिळालेला संघ चार वर्षांत इथवर येत नाही. हा संघ नवा नव्हताच, तो तेरा वर्षांचा होता. नवं होतं ते फक्त त्याच्या नावापुढचं बिरुद.

तो सामना इंडियाना 0-1 असा हरला. समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ होतं आणि त्यांचे प्रशिक्षक होते स्टीव्ह नेगोएस्को. हा माणूसही साधा नव्हता. न्यू जर्सीत जन्म, बालपण रुमानियात, महायुद्धानंतर परत अमेरिकेत. मग ज्या विद्यापीठाकडून खेळले त्याच विद्यापीठाचे 1962पासून प्रशिक्षक. 1966 आणि 1975 साली ते राष्ट्रीय विजेते ठरले होते. 1976 साली इंडियानाला हरवून त्यांनी तिसरं अजिंक्यपद मिळवलं.

1978 साली इंडियाना पुन्हा अंतिम फेरीत आलं. समोर पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. या वेळी 0-2. पुढे नियमभंगावरून एनसीएएने सॅन फ्रान्सिस्कोचं हे विजेतेपद रद्द केलं. उपविजेता म्हणून ते इंडियानाकडे यावं, असं कुणाच्याही मनात येईल. तसं झालं नाही. विजेत्याची जागा रिकामी ठेवली गेली. इंडियानाच्या अजिंक्यपदांच्या यादीत 1978 हे वर्ष आजही नाही.

1980 साली तिसऱ्यांदा अंतिम सामना, आणि समोर तिसऱ्यांदा तेच. सामना जादा वेळेत गेला आणि इंडियाना 3-4 असं हरलं. पाच हंगामांत तीन अंतिम सामने, तिन्ही एकाच संघाकडून गमावलेले. पण आकडे जरा जवळून पाहिले तर त्यातही चढण दिसते. दोनदा एकही गोल करता आला नव्हता. तिसऱ्यांदा तीन गोल केले आणि ठरलेल्या वेळेत बरोबरी राखली. हरणारा माणूस निकालाकडे बघतो. शिकवणाऱ्याला ही चढण दिसावी लागते, नाही तर तो पुढच्या वर्षी मैदानावर उभाच राहू शकत नाही.

त्या वेळी संघात होंडुरासचा आर्मांडो बेतानकूर होता. 1981 साली कॉलेज सॉकरमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला हर्मन ट्रॉफी मिळाली. 1982च्या उन्हाळ्यात तो स्पेनमध्ये विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळला. कॉलेजच्या संघातून विश्वचषकापर्यंत पोहोचणारा खेळाडू रोज सापडत नाही. तो गेला, आणि इंडियानाचा 1982चा हंगाम त्याच्याशिवाय सुरू झाला.

अजिंक्यपद आलं ते त्याच वर्षी.

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी होतं जॉन रेनी यांचं ड्यूक विद्यापीठ. 90 मिनिटं संपली तेव्हा 1-1 अशी बरोबरी होती. जादा वेळ दिला, कोंडी फुटली नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही. असं करत आठव्यांदा जादा वेळ खेळावा लागला. सामना अडीच तासांच्या वर गेला. इतक्या वेळाने पायांत गोळे येतात, साधा पास चुकतो, उडी मारायची म्हटली तरी अंग उचलत नाही. अशा वेळी कौशल्य निम्मं संपलेलं असतं आणि उरते ती फक्त सवय. तिथे इंडियानाच्या ग्रेग थॉम्पसनने गोल केला आणि सामना 2-1 असा संपला. इंडियानाचा पहिला गोलही त्याचाच होता. हा थॉम्पसन आघाडीचा नव्हे, बचावाचा खेळाडू. चार वर्षांनी, 1986 साली, ड्यूकही राष्ट्रीय विजेतं झालं, आणि कुठल्याही खेळातलं ते त्या विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद होतं. त्या दिवशी फ्लोरिडात हरलेल्यांचीही मेहनत वाया गेली नाही, हे सांगायलाच हवं.

नंतरची वर्षं लोकांना ठाऊक आहेत, ती भरभर सांगतो. 1983 साली पुन्हा अजिंक्यपद, 1988 साली घरच्या मैदानावर तिसरं, मग 1998 आणि 1999 अशी ओळीने दोन. मध्ये हारही होती. 1994 साली येग्लींचा मुलगा टॉड संघात असताना अंतिम सामना व्हर्जिनियाकडून 0-1 असा गेला. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक ब्रूस अरीना पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2002च्या विश्वचषकात संघाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत घेऊन गेले. टॉड शिकून बाहेर पडला, कोलंबस क्रू या व्यावसायिक संघाकडून खेळला आणि मग वडिलांच्या हाताखाली शिकवायला परत आला.

2003चा हंगाम आपला शेवटचा, असं येग्लींनी आधीच जाहीर केलं होतं. सुरुवात अडखळत झाली. निवृत्त होणाऱ्या माणसासाठी खेळायचं म्हणजे मुलांच्या मनावर ओझंच असतं. पण संघ सावरला आणि डिसेंबरमध्ये कोलंबसच्या मैदानावर सेंट जॉन्स विद्यापीठाला 2-1 असं हरवून सहावं अजिंक्यपद मिळालं. प्रशिक्षक म्हणून येग्लींचा तो अखेरचा सामना. कारकिर्दीची बेरीज झाली 544 विजय. कॉलेज सॉकरच्या वरच्या गटात तोवर एवढे विजय कुणाच्याच नावावर नव्हते. आधीचा विक्रम कुणाचा होता? स्टीव्ह नेगोएस्को यांचा.

या 544मध्ये 1963 ते 1972 या वर्षांतला एकही विजय नाही. अधिकृत नोंद सुरू होते ती 1973पासून. क्लबच्या काळात जिंकलेले सामने या बेरजेत कुठेच धरलेले नाहीत. उद्या कुणी फक्त ही नोंद वाचली तर त्याला वाटेल की या माणसाची कारकीर्द 1973 साली सुरू झाली आणि यश त्याला चटकन मिळालं.

येग्लींच्या जागी माइक फ्राइटॅग प्रशिक्षक झाले. ते इंडियानाचेच जुने खेळाडू, सत्तरच्या दशकात या संघातून खेळलेले. अंतिम सामना हरणं म्हणजे काय हे या घरात त्यांनी तरुणपणीच पाहिलेलं. 2004च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्सनला सांता बार्बरा विद्यापीठाविरुद्ध सामना 1-1 असा बरोबरीत राहिला म्हणून पेनल्टी किक मारल्या गेल्या, आणि इंडियाना जिंकलं. फ्राइटॅग यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष होतं. 2010 साली ती जबाबदारी टॉड येग्लीकडे आली. दोन वर्षांनी त्याच्या संघाने जॉर्जटाउनला 1-0 असं हरवलं आणि इंडियानाचं आठवं अजिंक्यपद ब्लूमिंग्टनला आणलं.