मधात काय टाकू?

वाशीमात एका तरुण व्यापाऱ्याने नवं घर बांधलं. सोयाबीनच्या धंद्यात त्याला दोन पैसे सुटले होते, आणि घर रस्त्यावरून उठून दिसावं अशी त्याची हौस होती. गेट करायला तो फॅब्रिकेशनच्या दुकानात गेला. दुकानदाराने मोबाइलवर नमुने दाखवले. त्यातला एक त्याला आवडला. दोन बाजूंना उभे ठाकलेले सिंह, वर मुकुट, खाली आडव्या तलवारी आणि मधे कोरी ढाल.

"भाऊ, मधात काय टाकू?" दुकानदाराने विचारलं. "घराण्याची काही खूण असन त सांगा."

खूण त्याला ठाऊक नव्हती. रविवारी तो रिसोडकडच्या आपल्या गावी गेला. आजोबांचे धाकटे भाऊ, निवृत्त गुरुजी, ओसरीवर तूर निवडत बसले होते.

"आबाजी, आपल्या घरात कोणाची तलवार होती का?"

"तलवार कुठची, बापू? तिफन होती. तुहा पणजा तिफन हाकलायचा अन् पणजी मागून सरता धरायची. खूण म्हणशील त आपलं देवक कळंबाचं. लग्नात त्याचीच डहाळी मांडवात बसवतो आपुन. ज्याचं देवक कळंब, तो आपला भाऊ. त्याच्या घरी सोयरीक नाही. अन् कळंबाले कुऱ्हाड लावायची नाही."

तरुण गप्प झाला. धुऱ्यावरचा कळंब ट्रॅक्टरला आडवा येई, म्हणून लाकूडवाल्याशी त्याचं बोलणं होऊन गेलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. म्हणाला, "गेटवर पाला लावला तर लोक हसतील, आबाजी. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं चिन्ह बघा. दोन नाग!"

"नाग हायेत ना. 1877 च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी राजेरजवाड्यांना अशी निशाणं वाटली. ती काढणारा टेलर नावाचा साहेब. त्याच्या 85 वर्षं आधी महादजी शिंद्यांनी पुण्यात काय काढलं, ते ऐक."

आणि आबाजींनी गोष्ट सांगितली.

1792 साली महादजी पुण्याला आले. दिल्लीची बादशाही त्यांच्या बळावर उभी होती. पेशव्यांसाठी त्यांनी वकील-इ-मुतलकीचा, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचा, किताब आणला होता. पण भेटीच्या दिवशी ते लांबच हत्तीवरून उतरले, पायी आले आणि सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन उभे राहिले. तरुण पेशवे सवाई माधवरावांनी त्यांना बसायला सांगितलं. महादजींनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत नवे कोरे जोडे होते. ते पेशव्यांपुढे ठेवून ते म्हणाले, माझं काम हेच, माझ्या बापाचंही हेच होतं. त्यांचे वडील राणोजी हे बाजीरावांचे जोडे सांभाळत, असं सांगतात. मग पेशव्यांचे जुने जोडे त्यांनी उचलले, कापडात नीट गुंडाळले आणि काखेत मारले.

याला ढोंग म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. असेलही ढोंग. पण ढोंगासाठीसुद्धा एवढ्या मोठ्या सरदाराला बापाचे जोडेच काढावेसे वाटले, हे मला विशेष वाटतं.

सोमवारी तरुण दुकानात गेला. सिंह काढा, तलवारी काढा, म्हणाला. कळंबाचं पान टाका.

"कसं दिसते ते?"

त्याला सांगता येईना. लहानपणापासून तो त्या झाडाखाली भाकर खात आला होता, पान कधी निरखलं नव्हतं. तो पुन्हा गावी गेला आणि गळलेलं एक पान उचलून घेऊन आला. तळहातापेक्षा मोठं, मधल्या शिरेतून दोन्हीकडे सरळ गेलेल्या रेघा. दुकानदाराने ते पत्र्यावर ठेवलं आणि कडेकडेने खडू फिरवला. लाकूडवाल्याचा सौदा फोनवरच मोडला. आता नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर कळंबाला वळसा घालून जातो, आणि ड्रायव्हर कुरकुरतो.

ढालीवरचा सिंह घरमालकाकडे काही मागत नाही. देवक मागतं. हे तोडू नको म्हणतं, इथे सोयरीक करू नको म्हणतं. जोड्यांनीही महादजींना कुठे उभं राहायचं ते सांगितलं होतं. घराण्याची खूण म्हणून जे मिरवायचं, त्याची एवढी सक्ती अंगावर घ्यायलाच हवी.

तुमचं देवक कोणतं? ठाऊक नसेल तर या दिवाळीला गावी गेल्यावर घरातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या. आणि ते झाड असेल, तर ते कुठे उभं आहे हेही.