निरीक्षकांचा अहवाल कुणासाठी?

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ला लागला आणि पुढच्या दहा दिवसांत माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ठरवलं, की आपण स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं. गावातून भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं पडल्याचं दिसत होतं, आणि गावाला ते पटत नव्हतं. जानकर तर मतदारसंघातून निवडून आले होते, त्यामुळे ही हरलेल्या उमेदवाराची रडकथा नव्हती. ३ डिसेंबरचं ते मतदान प्रशासनाने जमावबंदी लावून थांबवलं, वर गुन्हेही दाखल केले. निवडणूक घेण्याचा अधिकार गावाला नाही, एवढं कायद्याने खरं आहे. पण शंका आलेल्या गावाने मग जायचं कुठे, याचं उत्तर जमावबंदीच्या आदेशात नव्हतं.

अशा वेळी एक मागणी हमखास कानावर येते: बाहेरच्या देशांचे निरीक्षक बोलवा, म्हणजे दूध का दूध होईल. आणि तितकंच हमखास उत्तर येतं: आम्हाला लोकशाही शिकवणारे हे कोण? दोन्हींत घोटाळा आहे.

आधी दुसऱ्याकडे बघू, कारण ते मोठ्या आवाजात दिलं जातं. १९५३ साली सुदानमध्ये पहिली निवडणूक झाली ती सात जणांच्या मिश्र आयोगाच्या देखरेखीखाली. त्यात सुदानी होते, ब्रिटिश, इजिप्शियन आणि अमेरिकनही होते. अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. तेव्हा कुणाला वाटलं नाही की एका भारतीयाने खार्टूममध्ये जाऊन सार्वभौमत्वावर घाला घातला. त्यानंतरही भारतीय अधिकारी राष्ट्रकुलाच्या पथकांतून आणि शेजाऱ्यांच्या निमंत्रणावरून जातच राहिले. आपण दुसऱ्याच्या मतदान केंद्रात डोकावू शकतो, पण आपल्या केंद्रात कुणी डोकावलं की अपमान होतो, हा युक्तिवाद टिकत नाही. अर्थात या बाबतीत आपण एकटे नाही. २०१२ साली युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निरीक्षक अमेरिकेत येणार म्हटल्यावर टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी बजावलं होतं, की केंद्राच्या शंभर फुटांच्या आत आलात तर खटला भरीन. जगभर निवडणुका तपासत हिंडणाऱ्या देशातला हा प्रकार. मान मोठा असला की दार लहान होतं बहुधा.

आता पहिली मागणी. बाहेरचा माणूस येऊन नेमकं काय बघतो? केनियात ऑगस्ट २०१७ची अध्यक्षीय निवडणूक बघायला युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल, कार्टर सेंटर असे सगळे नामांकित होते. रांगा शिस्तीत होत्या, पेट्या वेळेवर उघडल्या, आणि मतदानाचं कौतुक झालं. १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. गफलत रांगेत नव्हती. केंद्रावरचा निकालाचा तक्ता वरच्या कार्यालयात कसा पोचला, त्यात होती. ती शोधली केनियाच्याच वकिलांनी आणि न्यायाधीशांनी, कागद मागून.

आपल्याकडे २०२४च्या लोकसभेला निवडणूक आयोगाने २३ देशांतल्या निवडणूक यंत्रणांचे ७५ प्रतिनिधी बोलावले होते. गट करून त्यांना सहा राज्यांत नेलं; त्यातला एक रायगड मतदारसंघात आला आणि ७ मेचं मतदान बघून गेला. देशात मतदान केंद्रं साडेदहा लाख. पाहुण्यांनी कुठे जायचं ते यजमान ठरवणार, आणि मत काय झालं ते पाहुणे यजमानाच्याच कार्यक्रमात सांगणार. याला कुणी तपासणी म्हणत असेल तर व्याह्यांनी केलेली घराची पाहणीही तपासणीच म्हणायला हवी.

मग मुद्दा सोडून द्यायचा का? नाही. पण तो मतदानाच्या दिवसापासून हलवायला हवा, आणि कुठे हलवायचा हे भिवंडीजवळच्या शेलारमध्ये उभं राहिलं की चटकन कळतं.

नदी नाक्यावरून वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेलार. कागदोपत्री ग्रामपंचायत, प्रत्यक्षात भिवंडीच्या यंत्रमागांचंच पुढे आलेलं अंग. गाळ्यात खडखडाट, वर किंवा शेजारच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार. कुणी उत्तर प्रदेशातले, कुणी बिहारचे; शहरात तेलंगणातून आलेल्या कुटुंबांच्या तर पिढ्या झाल्या. २० मे २०२४ला भिवंडी मतदारसंघात मतदान झालं तेव्हा यातल्या ज्यांची नावं इथल्या यादीत होती ते रांगेत आले असतील. ज्यांची नव्हती ते केंद्राच्या आसपासही फिरकले नसणार. जिनिव्हाहून आलेला असो की झाम्बियाहून, केंद्रात उभा असलेला निरीक्षक आलेला माणूस बघतो. न आलेला कसा बघणार?

लोकप्रतिनिधित्वाचा १९५०चा कायदा म्हणतो, माणूस जिथला सर्वसाधारण रहिवासी तिथे त्याचं नाव. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा, वर्षाचे दहा महिने शेलारला आणि दोन महिने गावी असणारा माणूस कुठला रहिवासी? भाडेकरार नाही, विजेचं बिल शेठच्या नावावर. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी केंद्रस्तरीय अधिकारी, दारात आली तेव्हा हा पाळीवर. इकडे नाव लागत नाही, आणि तिकडे बीएलओ विचारते तेव्हा शेजारी सांगतात, तो तर भिवंडीला असतो. २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीचं सखोल पुनरीक्षण झालं आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. मयत आणि दुबार यांच्याबरोबर त्यात एक मोठा गट होता 'कायमचे स्थलांतरित'. दुसऱ्या राज्यातून मत देता यावं म्हणून आयोगाने २०२२च्या अखेरीस एक यंत्र पुढे आणलं होतं, पण पक्षांच्या विरोधानंतर ते बासनात गेलं.

हा प्रश्न आजचा नाही. १५ जून १९४९ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत निवडणूक आयोगाचं कलम नव्या रूपात मांडलं. आधीच्या मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे आयोग होते. ते काढून एकच मध्यवर्ती आयोग का, याचं कारण त्यांनी स्पष्ट दिलं: काही प्रांतांत भाषेने, संस्कृतीने वा वंशाने परक्या असलेल्या लोकांची नावं मतदार यादीत येऊ नयेत असा प्रयत्न चालल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे आपल्या आयोगाचा जन्मच मुळी या जाणिवेतून झाला, की स्थानिक सत्तेवर बाहेरचा डोळा हवा. आणि तोही केंद्रावर नंतर, यादीवर आधी. पुढे १९९६ साली निरीक्षकाची तरतूद कायद्यातच आली आणि परराज्यातला वरिष्ठ अधिकारी निरीक्षक म्हणून पाठवणं नित्याचं झालं. २०२४च्या लोकसभेला असे सर्वसाधारण, खर्च आणि पोलीस निरीक्षक मिळून २,१०० हून अधिक होते. तेव्हा 'बाहेरच्याने बघावं का' हा प्रश्न आपण कधीच सोडवला आहे. उत्तर 'हो' आहे.

फरक पुढे पडतो. युरोपीय संघाचं निरीक्षक पथक मतदानाच्या काही आठवडे आधी येतं, यादीपासून निकालावरच्या तक्रारींपर्यंत नोंदी ठेवतं आणि मग अहवाल छापतं. तो चुकीचा असेल, केनियासारखा घाईचा असेल, पण कुणालाही वाचता येतो, म्हणून चुकीचा ठरवताही येतो. आपला निरीक्षक अहवाल लिहितो तो आयोगाला. भिवंडीत त्याने काय पाहिलं हे भिवंडीचा मतदार वाचू शकत नाही. ज्या आयोगाच्या कामाबद्दल शंका आहे, त्यानेच नेमलेल्या माणसाने त्यालाच दिलेला, बंद पाकिटातला अहवाल. त्यात २०२३च्या कायद्याने आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसले. निवड करणाऱ्या तिघांत सरकारचे दोघे असताना पाकीट बंद ठेवणं आयोगाच्याच हिताचं नाही. मला परदेशी निरीक्षकाची तितकी ओढ नाही. त्याची जाहीर अहवालाची रीत मात्र जशीच्या तशी उचलावी असं वाटतं.

आणि केनियात कामी आला तसा केंद्रावरचा कागद? संध्याकाळी सहा वाजता रांगेतल्या शेवटच्या माणसापासून उलट्या क्रमाने चिठ्ठ्या वाटतात. ती रांग संपली की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं 'क्लोज' बटण दाबतात, 'टोटल' वाचतात आणि आकडा नमुना १७-सीमध्ये भरतात. पोलिंग एजंट सही करून प्रत घेतो. सकाळी साडेपाचला, म्हणजे अभिरूप मतदानाला, हाच माणूस हजर होता. किमान पन्नास मतं टाकून मोजलेली त्याने पाहिली होती. निकालाच्या दिवशी यंत्रातली एकूण मतं त्या प्रतीशी जुळवता येतात. जगातल्या कुठल्याही पथकापेक्षा हा निरीक्षक दांडगा, कारण तो केंद्रागणिक असतो. निदान असायला हवा. लहान पक्षांना प्रत्येक केंद्रावर माणूस मिळत नाही, मिळालेला चार वाजता घरी जातो, आणि प्रत खिशात चुरगळते. व्हेनेझुएलात जुलै २०२४ला हीच चिठोरी विरोधकांनी जपली. ऐंशी टक्क्यांहून अधिक यंत्रांचे तक्ते त्यांनी जनतेपुढे ठेवले. सरकार हललं नाही, पण निकाल काय होता याबद्दल जगाला संशय उरला नाही. कार्टर सेंटरच्या मोजक्या निरीक्षकांनी निवडणूक लोकशाहीच्या कसोटीला उतरली नाही असं सांगितलं, तेव्हा त्या शब्दांमागे ही कागदांची थप्पी होती.

महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ला मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५. आयोगाचं म्हणणं असं, की पाचचा आकडा अंदाजी असतो आणि खरा हिशेब १७-सीमध्ये एजंटांकडे असतोच. मला ते बरंचसं पटतं. पाचनंतरच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मतदार लोकसभेला सुमारे ९.३० कोटी होते ते विधानसभेला ९.७० कोटी झाले, यालाही साधी कारणं असू शकतात. पण मग प्रती संकेतस्थळावर टाकायला अडचण कसली? लोकसभेच्या वेळी ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा आयोगाने विरोधच केला. डिसेंबर २०२४मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांच्या तपासणीतून वगळल्या गेल्या. पुढच्या मे महिन्यात आदेश निघाला, की निवडणूक याचिका नसेल तर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करावं. मतदाराच्या गुप्ततेचं कारण पुढे केलं जातं. पण १७-सीवर कुणाचं नाव नसतं, असतो तो फक्त एकूण आकडा.

व्याप मोठा आहे, हीही सबब ऐकू येते. ती बिहारने निकालात काढली. १४ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वगळलेल्या ६५ लाखांची नावं कारणांसकट आणि केंद्रनिहाय जाहीर करा. आयोग आधी म्हणत होता, की अशी यादी देण्याचं बंधन आमच्यावर नाही. न्यायालयाने मुदत घालून दिली ती दिवसांत मोजण्याएवढी, आणि त्या मुदतीत याद्या संकेतस्थळावर आल्या. मग शेलारच्या गाळ्यात पाळी संपवून बसलेला बिहारी कामगार मोबाइलवर आपल्या गावचं केंद्र उघडून पाहू शकत होता, की आपण मेलो आहोत, दुबार आहोत की कायमचे निघून गेलो आहोत. आणि तसं नसेल तर हरकत घेऊ शकत होता.