गिरडच्या सुपाऱ्या

वर्धा,
तान्हा पोळा

चि. चिऊ,


काल शेजारच्या बैलजोडीला आजीने तुझ्या नावाची पुरणपोळी चारली. आज गल्लीभर पोरांचे लाकडी नंदी फिरताहेत. त्यात तुझाही आहे. निखळलेलं चाक बसवून मी तो धाकट्यांना दिला. आजीचे गुडघे दुखतात, पण ऐकते कुठे! देहरादूनच्या पावसात तू तरी ओल्या बुटांनी हिंडू नकोस.

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो चष्मा पुसून पुसून पाहिले. एका खडकातल्या पांढऱ्या ठिपक्यांना तू ‘व्हेसिकल’ म्हटलंस, आणि दोन पानांनंतर तशाच ठिपक्यांना ‘अमिग्डल’. पोरी, मी साधा भूगोलाचा मास्तर. पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूचा बुडबुडा म्हणजे व्हेसिकल, नुसती पोकळी. पुढे खडकातून झिरपणारं पाणी त्या पोकळीत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असं काही साठवतं. ती भरली की झाला अमिग्डल. एक रिकामा, एक भरलेला. आपला काळा दगड साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, पण पोटातलं हे पांढरं त्याच्यानंतरचं. त्यावरून लाव्ह्याचं वय कधी सांगू नकोस.

आठवतं, तू सात वर्षांची असताना आपण गिरडला गेलो होतो? शेख फरीदबाबांच्या टेकडीवर तू फ्रॉकच्या ओच्यात गोल खडे भरलेस. आजीने सांगितलं, बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळ-सुपारीचा माल इथे दगड झाला. ते झिओलाइटचे खडे आहेत हे तू आता शिकलीस, म्हणून आजीची गोष्ट सोडून देऊ नकोस. अमिग्डल हा शब्द तरी कुठून आला? ग्रीक भाषेत बदामाला जे म्हणतात, त्यातून. वाहत्या लाव्ह्यात बुडबुडा ताणला जाऊन लांबट होतो, म्हणून कुणाला बदाम दिसला. आपल्या माणसांना सुपारी दिसली. दोघांनीही दगड हातात घेऊन मगच नाव ठेवलं. तूही तसंच कर. नाव नंतर लिही, आधी भिंगातून बघ. पोकळी रिकामी की भरलेली? भरलेली, तर कशाने? आणि बदाम कुठल्या बाजूला लांबलाय? लाव्हा कुणीकडे वाहिला, त्याचा माग तिथे लागू शकतो.

मी एवढा मागे का लागतो, तेही सांगतो. तुझ्या जन्माआधी आपल्या शेतात विहीर खोदायची होती. जागा पाहायला आलेल्या माणसाने कागदावर ‘सच्छिद्र खडक, पाणी मिळेल’ असं लिहून दिलं. तुझ्या आजोबांनी कर्ज काढलं. खाली खडक लागला तो ठिपक्याठिपक्यांचाच, पण सगळे ठिपके गच्च भरलेले. पाण्याला थांबायला जागाच नव्हती. पोकळ्या रिकाम्या असत्या तरी एकमेकींना जोडलेल्या हव्या होत्या, खडक भेगाळलेला, झिजलेला हवा होता. हे मला फार उशिरा कळलं. दोन कापसाचे हंगाम ते कर्ज फेडण्यात गेले. आजोबा कुणाला काही बोलले नाहीत. उन्हाळ्यात त्या कोरड्या विहिरीच्या काठावर नुसते बसून असत.

उद्या तुझ्याही सहीचा कागद असाच कुणाच्या तरी घरी जाईल. त्या घरात व्हेसिकल, अमिग्डल कुणाला कळणार नाही. ते तुझ्या शब्दावर विसंबून कुदळ मारतील. म्हणून म्हणतो बाळा, ठिपका भिंगाखाली घेतल्याशिवाय शब्द लिहू नकोस. खात्री नसेल तर ‘पांढरे ठिपके’ एवढंच लिही. त्यात कमीपणा नाही.

तुझ्या त्या सात सुपाऱ्या आजीने अजून देवघरातल्या डबीत ठेवल्यात. दिवाळीला येशील तेव्हा एक फोडून आत काय आहे ते तिला दाखव. मी विचारलं, तर म्हणाली, “चिऊ फोडत असेल तर फोडू दे.”

जेवत जा. कड्याखाली एकटी जाऊ नकोस.

तुझा,
मामा