चांदनी जिंकली कशी?

आमच्या पाठ टाचणात एक वाक्य हमखास असते, 'विद्यार्थ्यांमध्ये आत्मविश्वास निर्माण होईल.' बी.एड.ला असताना हे वाक्य आम्ही इतक्या वेळा लिहिले, की हात आपोआप वळायचा. पाठ गणिताचा असो की भूगोलाचा, उद्दिष्टांच्या शेवटच्या ओळीत आत्मविश्वास ठरलेला. उर्दूत त्याला 'खुद-एतमादी' म्हणतात. एका तासात तो कसा निर्माण व्हायचा आणि झाला हे कशावरून ओळखायचे, हे आम्हाला कुणी विचारले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही.

तो प्रश्न विचारला सातवीतल्या एका मुलीने. मोकळा तास होता म्हणून आम्ही वर्गाला डॉ. झाकिर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट सांगितली. गोष्ट संपली, वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून ती म्हणाली, "आपा, लांडग्याने खाल्ली, तर मग चांदनी जिंकली कशी?"

उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक असेल. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अल्मोड्यात अब्बू खाँ नावाचे एक एकटे म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांना बकऱ्या पाळायचा नाद. पण त्यांच्या बकऱ्या दावे तोडून डोंगरात पळतात आणि तिथला लांडगा त्यांना खातो. अखेर ते चांदनी नावाची एक सुंदर बकरी आणतात, तिच्यावर जीव लावतात. काही दिवसांनी चांदनीलाही डोंगर खुणावू लागतो. अब्बू खाँ तिला लांडग्याची भीती घालतात. ती म्हणते, आपल्याला शिंगे आहेत. ते तिला कोठडीत कोंडतात, पण खिडकी बंद करायला विसरतात. चांदनी निसटते. दिवसभर डोंगरावर हुंदडते. संध्याकाळी खालून अब्बू खाँच्या बिगुलाचा आवाज येतो, ती परत जात नाही. रात्री लांडगा येतो. ती रात्रभर शिंगांनी झुंजते. पहाटे खालच्या मशिदीतून अजान ऐकू येते, तेव्हा ती अल्लाहचे आभार मानते आणि कोसळते. झाडावरच्या पाखरांत वाद सुरू होतो. बहुतेकांचे म्हणणे, लांडगा जिंकला. एक म्हातारे पाखरू मात्र म्हणते, चांदनी जिंकली.

ज्याने ही गोष्ट लिहिली तो काही मुलांचा लेखक नव्हता. झाकिर साहेबांनी बर्लिनला जाऊन अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, प्लेटोचे 'रिपब्लिक' उर्दूत आणले, १९२६ पासून बावीस वर्षे जामिया मिल्लिया सांभाळली. १९६७ साली ते देशाचे राष्ट्रपती झाले आणि १९६९ साली त्याच पदावर असताना वारले. एवढ्या मोठ्या माणसाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, त्याही आधी 'रुकैया रेहाना' या नावाने छापल्या. मोठ्यांसाठी लिहिणारा माणूस मुलांसाठी लिहायला बसतो तेव्हा बहुधा आवाज गोड करतो, बोट उगारतो किंवा शेवट सोपा करतो. झाकिर साहेबांनी यातले काही केले नाही. मुलांसमोर त्यांनी मरण ठेवले.

गोष्टीचा सांगाडा जुना आहे. आल्फॉन्स दोदे या फ्रेंच लेखकाच्या १८६९ सालच्या संग्रहात मस्यू सगँ यांच्या बकरीची गोष्ट आहे. तिथेही दोर आहे, उघडी राहिलेली खिडकी आहे, लांडगा आहे. पण दोदे ती गोष्ट वर्तमानपत्रातली नोकरी नाकारणाऱ्या एका गरीब कवीला सांगतो. मोकळे राहायचा हट्ट धरशील तर बघ काय होते, असा त्याचा चिमटा आहे. झाकिर साहेबांनी त्याच बकरीला कुमाऊँच्या डोंगरात आणले, शेवटी एक म्हातारे पाखरू बसवले आणि ताकिदीची गोष्ट हिंमतीची झाली.

त्या मुलीला आम्ही तेव्हा उत्तर दिले, "ती घाबरली नाही, म्हणून जिंकली." वर्गात ते खपून गेले.

पुढे ती मुलगी सातवी पास झाली. आम्ही लोणी काळभोरला राहतो. सोलापूर रस्त्यावरचे आमचे गाव आता गाव राहिलेले नाही. तेलाच्या डेपोंमुळे टँकरच्या रांगा, कॉलेजे, नवे प्लॉट, रात्रंदिवस वाहता हायवे. तिला पुढे शिकायचे तर हायवे ओलांडायचा, बस पकडायची आणि पुण्याच्या दिशेने जायचे. घरच्यांनी नाही म्हटले. ती रडत आमच्याकडे आली, म्हणून आम्ही तिच्या अब्बांना भेटायला गेलो. ते टँकर चालवतात. चहा झाला. मुलगी हुशार आहे, तिच्यात खुद-एतमादी आहे, तिला अडवू नका, असे आम्ही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आपा, ती बकरीची गोष्ट तुम्हीच सांगितली ना पोरीला? घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितली. पण आखिर में बकरी का क्या हुआ, वो बी बोलो ना." थोडे थांबून म्हणाले, "मी रोज रात्री त्याच रस्त्यावर असतो. लांडगे मला ठाऊक आहेत."

आम्ही गप्प बसलो. वर्गात दिलेले उत्तर तिथे उच्चारायची आमची छाती झाली नाही. ज्याची लेक आहे त्याला 'ती घाबरणार नाही' एवढ्यावर समाधान कसे वाटावे?

तेव्हापासून ही गोष्ट आमचा पिच्छा सोडत नाही. आत्मविश्वासाच्या बहुतेक बालकथा एका साच्यातल्या असतात. छोटे इंजिन 'मला जमेल' म्हणत चढ चढते आणि पलीकडे पोहोचते. कासव शर्यत जिंकते. स्वतःवर विश्वास ठेवा, यश नक्की. हे ऐकायला गोड आहे, पण त्यात एक क्रूर हिशेब लपलेला असतो. ज्याला यश मिळाले नाही, त्याचा विश्वासच कमी पडला, असा त्याचा अर्थ होतो. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही, जिला धाकटी भावंडे सांभाळून अभ्यास करावा लागतो, तिने नापास झाल्यावर हा दोषही आपल्याच माथी घ्यायचा काय? झाकिर साहेबांनी हा हिशेब मोडला. शिंगे लांडग्याला पुरी पडणार नाहीत हे चांदनीलाही कळते. तरी ती झुंजते. आत्मविश्वास म्हणजे जिंकण्याची खात्री नव्हे, तर जे आपल्याला मोलाचे वाटते त्याच्या बाजूने उभे राहणे, असे ही गोष्ट सांगते. मुलांशी इतके खरे बोलणारी गोष्ट विरळा.

पण त्यात धोकाही आहे, हे त्या टँकरवाल्या बापाने आम्हाला दाखवले. हिंमतीने मरणाऱ्याची तारीफ करणे सोपे असते, कारण मरणारा दुसरा असतो. आम्हाला आमच्या मुली शहीद करायच्या नाहीत. त्या शिकून संध्याकाळी घरी परतायला हव्यात.

म्हणून आम्ही गोष्ट पुन्हा वाचली, या वेळी अब्बू खाँकडे पाहत. ते वाईट नाहीत. त्यांची माया खरी आहे. पण त्यांच्याकडे दोनच उपाय आहेत, दोर आणि कोठडी. तेही फसले की बिगुल. चांदनीला घेऊन ते एकदाही डोंगरावर जात नाहीत. लांडगा कुठून येतो, कोणत्या वेळी येतो, हे तिला दाखवत नाहीत. मग आम्ही पाखरांकडे पाहिले. ती रात्रभर झाडावर होती. सकाळी कोण जिंकले यावर त्यांनी वाद घातला. चांदनी एकटी का होती, हे कुणीच विचारले नाही, त्या शहाण्या म्हाताऱ्या पाखरानेही नाही. वर्गात 'ती जिंकली' असे सांगणारे आम्ही त्याच फांदीवर बसलो होतो.

'एतमाद' म्हणजे भरवसा. आणि भरवसा आधी माणूस दुसऱ्यावर टाकायला शिकतो. बोट धरणारा हात सोडणार नाही, हे मुलाला कळते, तेव्हाच ते पहिले पाऊल टाकते. स्वतःवरचा भरवसा त्यानंतर येतो. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. आपण आजारपणामुळे दूर आहोत, तिकडे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा भावाचे ते बोल आहेत. शेण-दगड झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंची हिंमत आपण सांगतो. त्या हिंमतीच्या शेजारी एक फातिमा उभी होती, हेही सांगायला हवे.

तवक्कुलची गोष्ट आपल्या घरांत नेहमी निघते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर हवाला ठेवू का, असे विचारणाऱ्याला हुजूर (स.) यांनी सांगितले, की आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. हा दाखला मुलींना घरात ठेवण्यासाठी दिला जातो. आम्हाला वाटते, तो उंटाबद्दल आहे. आपल्या हातातले आधी करा, असा त्याचा अर्थ. मुलीच्या बाबतीत हातातले काम म्हणजे तिला बांधणे नव्हे, रस्ता बांधणे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रमाच्या समितीचे अध्यक्षपद झाकिर साहेबांकडे आले. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेले, ही तिथली कल्पना. मूल सूत कातते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि 'हे मी केले' म्हणते. आत्मविश्वास भाषणाने येत नाही, केलेल्या कामाने येतो. चांदनीचा लेखक आणि वर्ध्याचा अध्यक्ष एकच आहे, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी तारीफ केली नाही. त्याच मोहल्ल्यातल्या आणखी दोन मुलींची नावे घेऊन गेलो, बसच्या वेळा लिहून नेल्या आणि पहिला आठवडा बसमध्ये आम्ही सोबत बसू असे सांगितले. बाप बराच वेळ कागद पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "हायवे कुठून ओलांडायचा ते मी दाखवतो. ते तुम्हाला नाही जमणार." दुसऱ्या दिवशी तो मुलींना घेऊन रस्त्यावर उभा होता. टँकर कुठे वळतात, चालकाला बाजूचे काय दिसते आणि काय दिसत नाही, हे समजावत होता. अब्बू खाँनी जे केले नाही, ते त्याने केले.

आता दोघी जातात. तिसरीच्या घरच्यांनी अखेरपर्यंत होकार दिला नाही. ती संध्याकाळी दारात उभी राहून दोघींची वाट पाहते. तिच्या घरी आम्ही तीनदा गेलो, चौथ्यांदा जाणार आहोत. उद्या रस्त्यावर काही बरेवाईट घडले तर आम्ही काय तोंड दाखवू, ही धास्तीही आहेच. ती जाऊ नये. जो दुसऱ्याच्या मुलाला हिंमत शिकवतो, त्याने त्या धास्तीतला वाटा उचललाच पाहिजे.

पाठ टाचणात ते वाक्य आम्ही अजून लिहितो. सातवीच्या नव्या वर्गाला परवा गोष्ट सांगितली, तेव्हा तोच प्रश्न आला, चांदनी जिंकली कशी? आम्ही उत्तर दिले नाही. विचारले, "तुम्ही त्या झाडावर असता, तर काय केले असते?" वर्गात एकच कालवा झाला. कुणी अब्बू खाँना बोलवायला निघाले, कुणी दगड मारायला. एक बारकी मुलगी म्हणाली, "आपा, मी दुसऱ्या बकऱ्यांना उठवलं असतं."