हिशेब कधी दाखवायचा?

30 मे 1949 रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, या अधिकाऱ्याचं काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचं आहे. तरीही न्यायसंस्थेइतकं स्वातंत्र्य आपण त्याला दिलेलं नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षानेच मसुद्यातली उणीव बोलून दाखवली!

दिलं तेही थोडं नव्हतं. वेतन संचित निधीतून, त्यावर मतदान नाही. पदावरून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच कठीण प्रक्रिया. निवृत्तीनंतर सरकारी पद नाही. पण अहवालाचं काय? अनुच्छेद 151 म्हणतो, तो राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना सादर व्हावा आणि त्यांनी तो सभागृहापुढे ठेववावा. किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही.

या मोकळ्या जागेत सगळ्या रंगांची सरकारं ऐसपैस बसली आहेत. दिल्लीत ‘कॅग’चे, म्हणजे याच महालेखापरीक्षकाचे, 14 अहवाल अडकून पडले होते. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने कान टोचले. अहवाल पटलावर येऊ लागले ते सत्ता बदलल्यावर, फेब्रुवारीत. आपल्याकडे महाराष्ट्रातही अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो. आमदार बॅगा भरत असतात, चर्चेला वेळ कुठला? आक्षेप तपासले जाईपर्यंत सही करणारा अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो. खोटा हिशेब लिहिणं हा गुन्हा आहे. खरा हिशेब दडवून ठेवण्याला मात्र आपण ‘प्रक्रिया’ म्हणतो.

लेखापरीक्षकालाही पथ्य आहेच. 2010 च्या टू-जी दूरसंचार परवान्यांच्या वाटपावरील अहवालात संभाव्य तोट्याचे अंदाज 57,666 कोटींपासून 1,76,645 कोटींपर्यंत होते. लोकांच्या तोंडी राहिला तो सर्वांत मोठा आकडा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले; 2017 मध्ये विशेष न्यायालयाने सगळे आरोपी निर्दोष सोडले. नियम मोडला का, पैसा बुडाला का, हे लेखापरीक्षक सांगतो. चोर कोण, हे ठरवणं त्याचं काम नाही. ते आपण पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर उरकलं होतं.

अहवाल हाती आल्यापासून अमुक दिवसांत, अधिवेशन चालू नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात, तो पटलावर आलाच पाहिजे, एवढी एक ओळ कायद्यात घालायला कोणत्याही पक्षाची हरकत नसावी. विरोधात असताना तर ती कुणाचीच नसते.