देणे आणि देणगी

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पहिली मेणबत्ती उजळते आणि त्याच सुमारास बाजारातला नाताळही सुरू होतो. दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरून नायगावच्या वाटेला लागावे, तर हिंदमाताच्या कापड दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी याद्या तयार होतात. मुलांना काय घ्यावे, मुलीच्या सासरी काय पाठवावे, कचेरीतील साहेबांना काय द्यावे, कामवाल्या बाईंच्या हातावर काय ठेवावे? वृत्तपत्रे या दिवसांत भेटवस्तूंच्या निवडीविषयी रकानेच्या रकाने छापतात. धर्मगुरूने लक्ष घालावे इतका हा विषय गंभीर आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते आहे. कोणाला काय द्यावे, हा नीतिशास्त्राचा मूळ प्रश्न आहे. ज्याचे त्याला देण्याची दृढ इच्छा म्हणजे न्याय, ही रोमन कायदेपंडितांची व्याख्या संत थॉमस अक्विनास यांनी स्वीकारली. त्या व्याख्येच्या उजेडात नाताळची यादी वाचून पाहिली, तर ती आपल्या विवेकाची झडतीच ठरते.

मराठी भाषेने या बाबतीत आपल्यापुढे एक कोडे घालून ठेवले आहे. 'देणे' हा आपला शब्द क्रिया दाखवतो आणि कर्जही दाखवतो. वाण्याचे देणे थकले, असे आपण म्हणतो आणि गोड गळा हे ईश्वराचे देणे आहे, असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात देणे म्हणजे ऋण, दुसऱ्यात देणे म्हणजे वरदान. बाकीच्या देण्याघेण्यांना भाषेने निरनिराळी नावे दिली आहेत. लग्नात आहेर असतो, भाऊबीजेला ओवाळणी असते, दिवाळीत गड्यामाणसांना पोस्त असते, खूश होऊन दिलेली ती बक्षिसी. पण या साऱ्यांच्या मुळाशी असलेला शब्द मात्र दुहेरी अर्थाचा राहिला. आपला नैतिक घोटाळा नेमका येथेच होतो. जे ऋण म्हणून फेडायचे, ते वरदान म्हणून देण्याचा मोह आपल्याला सुटत नाही.

या घोटाळ्याचा इतिहास नायगावच्या परिसरातच लिहिला गेला आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. नायगावच्या वाट्याला ४२ चाळी आल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेक खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांत पुढे कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांचे संसार थाटले गेले. त्या चाळी उभ्या राहत असतानाच मुंबईच्या गिरण्यांत एक वाद पेटला. पहिल्या महायुद्धाने गिरण्यांना भरघोस नफा मिळवून दिला होता आणि त्यानंतरची काही वर्षे मालकांनी कामगारांना वर्षअखेरीस सुमारे एक महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला होता. १९२३ साली तो बंद झाला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांचे म्हणणे असे की, बोनस ही आमच्या खुशीची देणगी होती. खुशी होती तोवर दिली. कामगारांचे म्हणणे असे की, आमच्या घामातून नफा झाला, त्यातील तो आमचा वाटा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क पोहोचत नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. संप मोडला.

परंतु प्रश्न मोडला नाही. १९५० साली गिरणी मालकांचा संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने निर्णय दिला की, बोनसला यापुढे मालकाची मेहेरबानी मानता येणार नाही. नायगावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते गं. द. आंबेकर याच मजदूर संघाचे नेते होते. २५ सप्टेंबर १९६५ रोजी बोनसचा कायदा झाला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, असा ठरला. एका शब्दाने पक्ष बदलावा म्हणून कामगारांना चाळीस वर्षे लागली. देणगीच्या रकान्यातून निघून तो शब्द देण्याच्या रकान्यात आला.

कायदा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. त्याच्या आठव्या परिच्छेदात परोपकाराविषयी एक अट घातलेली आहे. न्यायाच्या मागण्या आधी पुऱ्या कराव्यात. न्यायाने जे आधीच देय आहे, ते प्रेमाची देणगी म्हणून पुढे करू नये, असा तिचा आशय आहे. मुंबईच्या गिरण्यांतील वाद परिषदेतील महागुरूंच्या कानावर होता, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. पण मालक आणि मजूर जे भांडण भाकरीसाठी भांडत होते, त्याचे धर्मशास्त्रीय उत्तर त्या परिच्छेदात आहे. उत्तर नवेही नव्हते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी यांनी मेंढपाळांसाठी लिहिलेल्या ग्रंथात सांगून ठेवले होते की, गरजवंताला आवश्यक ते देताना आपण त्याचेच त्याला परत करतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात प्रभू येशूने हाच क्रम राखला आहे. अखेरच्या तासाला आलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दिवसाचे नाणे देतो, म्हणून आपण त्याच्या औदार्याचे कौतुक करतो. परंतु पहाटे आलेल्या मजुरांशी जो करार झाला होता, त्यातील एक कवडीही मालकाने कापलेली नाही, हे आपण विसरतो. पहिल्यांची मजुरी बुडवून त्याने शेवटच्यांना खैरात वाटली असती, तर तो दाखला स्वर्गाच्या राज्याचा राहिला नसता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. प्रत्येक गोष्ट हक्कात मोजू लागलो, तर मायेचा ओलावा कोठे राहणार? पूर्वी मालकीणबाई दिवाळीत मोलकरणीला पोस्त देत, तिच्या मुलांची विचारपूस करीत. आता दोघीही दिनदर्शिकेवर खाडे मोजतात, हे काय चांगले झाले? हे दुःख आम्ही हसण्यावारी नेत नाही. माणसांमधील संबंध केवळ हिशेबाचा उरला, तर समाज बाजार होतो. पण आम्ही उलट विचारतो. ज्या पोस्तीवर सारे वर्ष भिस्त ठेवावी लागते आणि जी मिळेल की नाही हे मालकिणीच्या मर्जीवर असते, ती घेताना त्या बाईच्या मनात काय असते? तेथे कृतज्ञता असेल. परंतु तिच्याबरोबर भीतीही असते. पुढच्या वर्षीही मिळावी म्हणून ती ताप असताना कामावर येते. तिचे हक्काचे तिला आधी मिळाले असेल, तरच मायेने दिलेली साडी तिला माया म्हणून घेता येते. न्याय झाल्यावर देणगी आटत नाही. तिच्यातील लाचारी तेवढी गळून पडते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मुंबई महानगरपालिका आपल्या कर्मचाऱ्यांना दिवाळीला जी रक्कम देते, तिचे नाव 'सानुग्रह अनुदान' असे आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. ज्यावर कोणालाही हक्क सांगता येत नाही ते देवाचे दान, अशा अर्थाने आम्ही कृपा हा शब्द प्रवचनात वापरतो. पहाटे रस्ता झाडणाऱ्याच्या पैशाला तो लावलेला पाहून आम्ही थबकतो. आणि वृत्तपत्रांत मथळा येतो तो 'कर्मचाऱ्यांना दिवाळीची भेट' असा.

आपल्या घरात तर परिस्थिती याहून जुनी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागेही आदल्या दिवाळीतील बोनसच्या कराराविषयीचा असंतोष होता. त्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. ज्या घरांतील पगार थांबला, तेथील कितीतरी स्त्रिया धुणीभांडी आणि पोळ्या लाटण्याच्या कामाला लागल्या. बोनसचा कायदा कारखान्यांसाठी आणि आस्थापनांसाठी झाला. घरकाम करणारी बाई त्याच्या कक्षेत आलीच नाही. तिच्यापुरते १९२४ साल अद्याप संपलेले नाही, आणि त्या घरापुरते आपणच मॅक्लाऊड साहेब होऊन बसतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे. तेथून हजारोंची खरेदी करून परतल्यावर बाईंच्या चार खाड्यांचे पैसे कापताना हात अडखळत नाही, हे आमच्या पाहण्यात आहे. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, कारण तिच्यावर मजुराचा जीव टांगलेला असतो, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोब बजावतात.

देण्याचा एक निर्मळ प्रकार आम्हांला चाळींनी शिकवला. दिवाळीत फराळाची ताटे खोल्याखोल्यांतून फिरत. नाताळात ख्रिस्ती बिऱ्हाडातून नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल यांचे कुसवार शेजारी जाई. रुमालाने झाकून गेलेले ताट कोणी रिकामे परत पाठवत नसे; घरात काही नसले, तर चिमूटभर साखर तरी घालून देत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दाखवून दिले की, देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तिन्ही बंधने प्रत्येक समाजात भेटीला चिकटलेली असतात. चाळीने हे बंधन इतके हलके केले होते की, ते साखरेच्या चिमटीने फिटत असे. चाळीचे ताट देणारा आणि घेणारा एकाच पातळीवर उभे असत. हल्ली आपण परतफेड जमणारच नाही अशी महागडी भेट देतो, आणि घेणारा वर्षभर ओशाळा राहतो. साहेबांच्या घरी सुक्या मेव्याचे खोके जाते, तेव्हा तर आपण भेट देत नाही. सवलत विकत घेतो.

आता व्यवहाराचे दोन शब्द. नाताळची यादी करताना कागदाचे दोन भाग करावेत. वरच्या भागात देणी लिहावीत: कामवाल्या बाई, इस्त्रीवाला, इमारतीचा पहारेकरी, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणारी मुलगी, उसने घेतलेले पैसे, आजारी भावाच्या औषधाचा आपला वाटा. जी बाई वर्षभर आपल्या घरी राबली, तिला एक महिन्याचे वेतन रोख द्यावे आणि ते खरेदीला निघण्यापूर्वी द्यावे. तिच्या घरीही सण आहे आणि तिलाही बाजारात जायचे आहे. जुनी साडी किंवा मुलांनी टाकलेली खेळणी हा त्याचा पर्याय होत नाही. वरचा भाग फिटल्यावर हाती जे उरेल, त्यातून खालच्या भागातील भेटी घ्याव्यात. उरलेले थोडे असेल, तर भेट लहान असू द्यावी. कर्ज काढून किंवा हप्त्याने घेतलेली भेट ही मुलांच्या पुढच्या वर्षाच्या फीमधून दिलेली असते. मुलांना वस्तूंपेक्षा आपला वेळ अधिक हवा असतो हे सर्वजण म्हणतात. आम्ही एवढेच जोडतो की, मुलांच्या हातून कोणाला तरी काही द्यायला लावावे आणि ते त्यांच्या स्वतःच्या डब्यातील असावे.

गरजूंना नाताळभेटी वाटणाऱ्या आमच्या मंडळांनाही काही सांगणे आहे. संत निकोलस यांच्याविषयीची कथा अशी की, तीन निर्धन मुलींच्या घरात त्यांनी रात्री खिडकीतून सोने टाकले, ते कोणाला कळू नये म्हणून. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. १९५६ साली त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, आणि दर वर्षी त्या दिवशी चैत्यभूमीवर आलेली खेड्यापाड्यांतील माणसे शिवाजी पार्कवरून स्वतःच्या पैशाने पुस्तके विकत घेऊन घरी जातात. अंगावरचे कपडे साधे असतात, पण पिशवीत पुस्तके असतात आणि मान ताठ असते. हे दृश्य ज्याने पाहिले, त्याने गरिबाला रांगेत उभे करून, हातात पिशवी देऊन, त्याचे छायाचित्र काढू नये. त्याच्या घरी जावे, दाराशी बसावे, त्याने दिलेला चहा घ्यावा. त्याला देण्याची संधी नाकारणे, हाही अन्यायच आहे.

संत थॉमस देणगीचे लक्षण सांगतात की, ती परतीची अपेक्षा न ठेवता दिलेली असते. गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाचे वर्णनही याच दिशेने जाते. पण या लक्षणाला पूर्णपणे उतरणारा दाता एकच आहे. देव आपले काहीही लागत नव्हता आणि तरी त्याने आपला पुत्र आपल्याला दिला. ती देणगी निखळ आहे, कारण तिच्यामागे कसलेही थकलेले देणे नव्हते. आपली स्थिती तशी नाही. आपण गोठ्यापुढे गुडघे टेकतो ते देणेकरी म्हणून. एकमेकांवर प्रीती करण्याच्या ऋणावाचून कोणाचेही ऋण राहू देऊ नका, असा संत पौलाने रोमकरांना केलेला उपदेश आहे. बाकीची ऋणे २४ डिसेंबरच्या रात्रीपूर्वी फेडावीत. प्रीतीचे ऋण तेवढे घेऊन मध्यरात्रीच्या मिस्साला यावे. ते फिटणारे नाही आणि ते फिटावे अशी प्रभूचीही इच्छा नाही.